मान डोलावणारे बालाजीराव

माझ्या सासूबाई, वसंता, कुणावर चिडल्या तर ओरडत नाहीत. बाहुली करतात.

मी सोलापूरची. लग्न होऊन चेन्नईला, मैलापूरच्या या तंजावरी मराठी घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात मला बादलीची गोष्ट कळली. नवी नवरी असताना सासूबाईंनी नवरात्रातल्या कोलूसाठी, म्हणजे पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांच्या आराशीसाठी, कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या केल्या होत्या. त्यांचे मोठे दीर बालाजीराव घराचे कर्ते. त्यांनी त्या सगळ्या पाण्याच्या बादलीत बुडवल्या. "संसारास लागलेल्या बाईस छंद कसला? वेण्डाम!" वेण्डाम म्हणजे नको. सकाळी बादलीत नुसती राखाडी पेज उरली होती. सासरे भावापुढे ब्र काढत नसत, त्या दिवशीही काढला नाही. मला विचाराल तर त्यांचीही एक बाहुली व्हायला हवी होती.

सासूबाई खमक्या. मुलं लहान होती तेव्हा कणकेचे हत्ती करून त्यांना जेवू घातलं. शाळेत शिकवू लागल्या तेव्हा उरलेल्या खडूंतून देव कोरले. पुढे गुडघे गेले, नवरा गेला, डोळ्यांत मोतीबिंदू आला, पण हात कधी रिकामे राहिले नाहीत. म्हणूनच बाई शाबूत राहिली. रागही शाबूत राहिला.

बालाजीराव आमच्याचकडे राहतात. निवृत्त होऊन साहेबी संपली तेव्हा त्यांच्याजवळ काहीच उरलं नाही. पेपर मुद्रकाच्या नावापर्यंत वाचायचा, मग कुणी पंखा चालू ठेवलाय का ते बघत घरभर फिरायचं. दुपार त्यांना खायला उठायची. मला कीव यायची, सासूबाईंना मुळीच नाही.

गेल्या नवरात्रात सासूबाईंनी तंजावरची मान डोलावणारी बाहुली केली. धड वेगळं, डोकं वेगळं, तारेवर अलगद टेकवलेलं. बोट लावलं की मान हो हो करत राहते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, सोनेरी चष्मा, कपाळावर आठी. हुबेहूब बालाजीराव! कोलूच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, वाण्याच्या बाहुलीशेजारी त्यांना बसवलं.

कोलू बघायला आलेल्या बायका कुंकू लावून घेता घेता तोंडाला पदर लावू लागल्या. शेजारची छोटी अनन्या बोट लावून बाहुलीतल्या आजोबांना, म्हणजे तात्तांना, विचारायची, "तात्ता, आइस्क्रीम?" बाहुली हो म्हणायची. "तात्ता, सिनेमा?" हो! जन्मभर नको म्हणणारा माणूस चिमुरडीला नाही म्हणू शकत नव्हता. खरे आजोबा खुर्चीत कानापर्यंत लाल. मला वाटलं, झालं तेवढं पुरे. सासूबाईंना तसं वाटत नव्हतं. त्यांना हसू नको होतं. ज्याने छंद बुडवला, त्यानेच चारचौघांत तो मागावा, एवढंच त्यांना हवं होतं.

विजयादशमीला इथे नवं शिक्षण सुरू करतात. त्या सकाळी घर बायकामुलांनी भरलेलं असताना, नऊ दुपारी खुर्चीतून त्या बाहुल्याच न्याहाळत बसलेले बालाजीराव कोलूपुढे येऊन उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "वसंता, मज हें शिकवशील?"

बायका वळून बघू लागल्या.

"मज कां विचारतां, भावोजी?" सासूबाईंनी खालच्या पायरीकडे बोट दाखवलं. "त्यांस विचारा."

म्हाताऱ्याने बोट पुढे केलं. बाहुलीने मान डोलावली, आणि डोलावतच राहिली. कुणी हसलं नाही.

सासूबाई उठल्या आणि माळ्याखालच्या अडगळीतून पत्र्याची एक जुनी बादली घेऊन आल्या. आत फाडलेले पेपर भिजत घातले होते. "रंग नाही, ब्रश नाही. आधी हें मळा."

बालाजीरावांनी बादली ओळखली. ती सासूबाईंनी इतकी वर्षं जपून ठेवली होती, हे मलाही तेव्हाच कळलं. म्हाताऱ्याने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि कोपरापर्यंत हात आत घातले.

ते अजून मळताहेत. रोज विचारतात, "आतां रंग?" सासूबाई लगदा चिमटीत धरून बघतात आणि म्हणतात, "वेण्डाम." पंखे दिवसभर चालू राहिले तरी हल्ली कुणी बघायला येत नाही. बालाजीरावांना दुपार पुरत नाही.