फायबरखालचं लोखंड

उरणहून मोरा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज सकाळी पाण्याची एक ओली रेघ दिसायची. रेघ दिसली की माणसं समजायची, अब्दुर्रहमान बर्फ घेऊन पुढे गेला. वीस वर्षं त्याची पिकअप गाडी ती रेघ ओढत होती. जाताना बर्फाच्या लाद्या, येताना मासळीचे क्रेट. लादीचं पाणी गोडं, मासळीचं खारं. दोन्ही पाणी हौद्याच्या फटींतून झिरपून खाली चेसिसवर, म्हणजे गाडीच्या कण्यावर, पडत राहायचं. बर्फानं अब्दुर्रहमानचं घर उभं केलं, मुलगा शिकवला, आणि त्याच बर्फानं त्याची गाडी खालून थेंबाथेंबानं खाल्ली.

अब्दुर्रहमान उरणच्या मोहल्ल्यातला. वय बासष्ट, अंगानं सडसडीत, डाव्या खांद्यावर लादीचा जुना वण. बोलणं कमी. कारखान्यात लादीवर बोटाचं पेर मारायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, ही पोटात भरीव आहे आणि ही पोकळ. पोकळ लादी त्यानं कधी कोणाच्या होडीत टाकली नाही. मोऱ्याच्या कोळ्यांमध्ये त्याला जो मान होता तो एवढ्यावरच होता, आणि तो त्याला पुरत होता.

बंदरावर एक रीत होती. पावसाळ्यातले दोन महिने मासेमारी बंद. पहिल्या ऑगस्टला बंदी उठते. त्या दिवशी होडीच्या खणात ज्याच्या बर्फाची लादी पहिली उतरेल, त्याचाच बर्फ त्या होडीला पुढच्या मे महिन्यापर्यंत. कागद नाही, सही नाही. पहिली लादी उतरली की बोलणं संपलं. राहीबाई कोळणीच्या होडीत वीस वर्षं पहिली लादी अब्दुर्रहमानची उतरत आली होती, आणि राहीबाईकडे बघून बाकीच्या पाच होड्याही त्याचाच बर्फ घ्यायच्या.

या वर्षी जुलैच्या अखेरीला गाडीचे कागद संपत होते. तपासणीत पास झाली तर पुढे चालणार, नाहीतर भंगार. मुलगा नौमान रबाळ्याला कंपनीत होता. तो फोनवर म्हणाला, "अब्बा, सोडा आता ती गाडी. घरी बसा. टेन्शन कशाला घेता?"

"घरी बसून काय करू?"

"आराम करा."

अब्दुर्रहमाननं फोन ठेवला. मोहल्ल्याच्या नाक्यावर आराम करणारी माणसं त्यानं पाहिली होती. सकाळी पेपर, दुपारी झोप, आणि संध्याकाळी कोण मेलं याची चर्चा. त्यांच्यात जाऊन बसायचं त्याला नव्हतं.

बंदी लागली त्याच दिवशी त्यानं गाडी जासईला कंटेनर यार्डाजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. महिनाभर तिथंच राबला. हौद्याचा सडलेला पत्रा काढून नवा ठोकला. दारं सरळ केली. ब्रेक, गिअर, इंजिन, सगळं उघडून धुऊन परत बसवलं. शेवटी चेसिस उरली. मिस्त्रीनं खाली पडून टॉर्च मारला. पापडासारखे गंजाचे पापुद्रे त्याच्या तोंडावर पडले. बाहेर येऊन तो म्हणाला, "चाचा, हे कापून नवीन पट्ट्या टाकायला लागतील. दोन्ही बाजूंना. माझ्याकडे ट्रेलर रांगेत उभेत. महिना तरी जाईल."

महिना नव्हता. उरलेले दिवस अब्दुर्रहमाननं बोटांवर मोजले आणि मोऱ्याला गेला, भगवानकडे.

भगवान कोळी त्याचा जुना दोस्त. होड्यांना फायबर मारायचं काम करायचा. लाकडावर काचेच्या धाग्याचं कापड पसरायचं, वर औषध ओतायचं, वाळलं की दगडासारखं कडक. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"रहमानभाय, कापाकापी कशाला? माजी होडी बघ. तीस वर्सांचं लाकूड हाय आत. वरून फायबर मारला, पानी शिरतंय कुठं?"

"लोखंडाला चालेल?"

"लाकडाला चालतंय, ते लोखंडाला नाय चालनार? जल्ला, समुद्र अडवतो मी, तुज्या बरफाचं पानी नाय अडवनार?"

दोघंही समुद्राकाठची माणसं. होडीला जे राखतं ते सगळ्याला राखतं, हा त्यांचा विश्वास हाडात मुरलेला. लाकूड बाहेरून कुजतं आणि पाणी बाहेर ठेवलं की वाचतं. मीठ प्यालेल्या लोखंडाचं दुखणं आतलं असतं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. भगवान सामान घेऊन जासईला आला तेव्हा वर पाऊस धो धो कोसळत होता. हवा ओलीचिंब. त्यांनी वरवर घासलं, फडक्यानं पुसलं, आणि चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी दांड्यांना टोकापासून टोकापर्यंत फायबर गुंडाळलं. वरून काळा रंग दिला.

गाडी अशी दिसू लागली की मिस्त्रीही काम टाकून बघायला आला. अब्दुर्रहमानची बायको आरिफा डबा घेऊन आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "नौमानचे अब्बा, आपल्या निकाहला तुमी स्वतःच्या तोंडाला पण एवढं घासलं नव्हतं."

किती महिन्यांनी तो खळखळून हसला.

सत्तावीस जुलैला आरटीओत तपासणी होती. भगवान सोबत आला. दिवे लागले, ब्रेक बसला, धूर आटोक्यात. तपासणीला नंदिनी नावाच्या मॅडम होत्या, तिशीतल्या. कागद आणि पेन्सिल घेऊन त्या उजव्या चाकाशी वाकल्या.

"काका, चेसिस नंबर कुठाय?"

नंबर दांडीवर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, आणि गाडी तीच आहे याची खात्री पटते. अब्दुर्रहमाननं जागा दाखवली. तिथं काळाभोर, गुळगुळीत फायबर होतं. रंगकामाच्या भरात नंबर आपण झाकतोय, याचं भान दोघांनाही राहिलं नव्हतं.

मॅडमनी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दांडी ठोकली. अब्दुर्रहमाननं ऐकला तो आवाज पोकळ होता. असा आवाज आला की तो लादी बाजूला काढायचा.

"एवढंच सोलतो, मॅडम," भगवान घाईनं म्हणाला. त्यानं पटाशी लावली. वीतभर रुंदीचा तुकडा सालासारखा सुटला, आणि त्याला चिकटून लोखंडही आलं. तांबडं, ओलं, भुसभुशीत. मागे भगदाड उरलं. नंबर जिथं होता तिथून आता पलीकडची जमीन दिसत होती.

मागच्या टेंपोवाल्यानं हॉर्न दिला.

"काका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ही मी चालवत नेऊ देऊ शकत नाही."

गाडी ओढून परत जासईला आली. दुसऱ्या गाडीच्या मागे दोरानं बांधलेली ती गाडी अब्दुर्रहमान स्टिअरिंग धरून सांभाळत होता. यार्डाजवळ ओळखीच्या ड्रायव्हरनं हात केला. त्यानं मान दुसरीकडे वळवली.

तो सुटलेला तुकडा मात्र त्यानं टाकला नव्हता. घरी नेऊन मोरीत बसला आणि रॉकेल लावून ब्रशनं गंज सोडवू लागला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. गंज गेला तसं खालचं फायबर स्वच्छ झालं, आणि त्यावर बारीक उंचवटे दिसले. औषध ओतलं तेव्हा ते ठोकलेल्या आकड्यांच्या खाचांत उतरून तिथंच गोठलं होतं. अक्षरं उलटी होती. आरिफानं भिंतीवरचा आरसा काढून समोर धरला.

"वाचा," ती म्हणाली.

त्यानं एकेक आकडा वाचला. नंबर पुरा होता. आरशामागून आरिफाला त्याचं तोंड दिसत नव्हतं, फक्त तो परत पहिल्यापासून आकडे वाचू लागलेला ऐकू आला. तिनं आरसा खाली केला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. कागदाशी नंबर ताडला. "गाडी तुमचीच आहे, हे मला कळतंय," त्या म्हणाल्या. "अर्जाला हा जोडा. पण नंबर लोखंडावर लागतो. आधी चेसिस नीट करा. दोन्ही बाजू मला उघड्या लोखंडात बघायच्यात. मग परवानगी, मग नव्यानं नंबर. काका, पंधरा-वीस दिवसांच्या आत नाही होणार."

"पहिल्या तारखेला मला..." तो म्हणाला. मोऱ्याची रीत त्या खुर्चीत बसलेल्या मुलीला काय सांगणार?

पहिल्या ऑगस्टला सकाळी मोऱ्याच्या धक्क्यावर होड्या सजून उभ्या होत्या. पनवेलकडचा एक नवाकोरा टेंपो बर्फ भरून आला होता आणि राहीबाईच्या होडीशी लागला होता. राहीबाई सत्तरीची, कमरेला घट्ट लुगडं, होडी तिची आणि शब्दही तिचा. तिनं टेंपोवाल्याला अजून हात केला नव्हता. इतक्यात एक रिक्षा येऊन थांबली. मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी, तिला मिठी मारून बसलेला अब्दुर्रहमान, आणि रिक्षातून धो धो पाणी.

"ह्यो काय रं रहमानभाय?" राहीबाई ओरडली. "लगीन हाय का कुनाचं? नवरीवानी बसवून आनलास?"

धक्का हसला. अब्दुर्रहमान हसला नाही. त्याची छाती भिजली होती, ओठ निळे पडले होते.

"पहिली लादी आहे," तो म्हणाला.

"मला काय सरबत करायचा हाय? तीस लाद्या लागतान."

"माहीत आहे."

राहीबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं होडीतल्या माणसाला खूण केली. अर्धी लादी खणात उतरली, आणि तिच्यामागून टेंपोच्या लाद्या धडाधड पडू लागल्या. तो आवाज ऐकत अब्दुर्रहमान उभा राहिला. एकही पोकळ नव्हती. बर्फ चांगला होता.

"रीत तुजी ऱ्हायली," राहीबाई जवळ येऊन म्हणाली. "पन उद्या कशात आनशील? परवा? मासं रीतीवर नाय टिकत, बाबा. गनपती बसंपरत ह्यो टेंपो चालंल. तवर तुजी गाडी धक्क्यावर दिसली तर बरं. नाय दिसली तर माज्यावर राग नको धरू."

तो मान हलवून निघाला. गणपतीला दीड महिना होता.

दुपारी तो जासईला पोचला. भगवान आधीच येऊन बसला होता. मिस्त्रीनं उजवी दांडी तपासली होती. पट्ट्या टाकून ती होण्यासारखी होती, पण डावीचा आधार मिळाला तरच. डावी अजून फायबरखाली होती. इतके दिवस अब्दुर्रहमाननं तिला हात लावू दिला नव्हता. झाकलेली होती तोवर ती शाबूत होती.

"तीबी गेली असंल तर?" भगवान म्हणाला.

"तर भंगार."

"माजी चूक झाली रं, रहमानभाय."

"मी पण बाजूला उभा होतो. आण ती पटाशी."

तो गाडीखाली शिरला आणि मागच्या टोकापासून सोलायला लागला. पहिल्या हातभरात लोखंडाचा चुरा त्याच्या छातीवर पडला. पुढच्या हातभरातही चुरा. तो डोळे मिटून घ्यायचा, ठोकायचा, परत उघडायचा. भगवान बाहेर उकिडवा बसून पडलेली सालं गोळा करत होता. केबिनखाली पटाशी एकदम उसळली. अब्दुर्रहमान थांबला. तिथं त्यानं बोटाचं पेर मारलं. परत मारलं. मग मिस्त्रीला हाक दिली.

मिस्त्री खाली आला, हातोडी मारून बघितली आणि खडूनं दोन रेघा ओढल्या. मधे दीड हात धड लोखंड होतं. "एवढं आहे," तो म्हणाला. "एवढ्याला जोडून बघता येईल. टिकेल असं मी लिहून देत नाही, चाचा. आणि सोमवारशिवाय मला हात लावता येणार नाही."

"कापायचं कुठून ते दाखव."

मिस्त्रीनं दाखवलं. अब्दुर्रहमाननं ओला सदरा काढून चाकावर टाकला, भगवाननं पुढे केलेली लोखंडाची करवत घेतली, आणि खडूच्या रेघेअलीकडचं सडलेलं लोखंड कापायला सुरुवात केली.