तेल वर येईपर्यंत

माणसांच्या, यंत्रांच्या आणि नात्यागोत्यांच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ दोनच गोष्टींत असतं, कुठून तरी येणारा आवाज आणि कुठे तरी न पोचणारं तेल, अशी पक्की श्रद्धा बाळगणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. टोकावड्याला त्यांची भातशेती आहे, आणि घराच्या पडवीत त्यांच्या वडिलांनी घेतलेली एक जुनी मोटारसायकल आहे. माळशेजकडे निघालेली मुंबईची पोरं तिचे फोटो काढायला थांबतात. मामा फोटो काढू देतात, पण बदल्यात त्यांच्या नव्याकोऱ्या गाड्यांचं निदान करून, त्यांची पुढची सहल चिंतेची करून पाठवतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला वाकलो, तेव्हा माझा गुडघा कट्ट करून वाजला. आशीर्वाद राहिला बाजूला. "जावईबापू, परत वाका," मामा म्हणाले. मी वाकलो. "आजून एकदा." सासरच्या समस्त बायकांसमोर माझ्या उठाबशा झाल्यावर निकाल लागला, "डावा हाय. तेल पोचत नाय." त्या दिवसापासून सासरी माझ्या शिक्षणाबद्दल कुणी विचारलं नाही, गुडघ्याबद्दल मात्र सगळे विचारतात.

मामांच्या गाडीला तेलाचा दाब दाखवणारा काटा नाही आणि मामांना तो नकोच आहे. त्यांची रीत वेगळी. गाडी सुरू करायची, इंजिनाच्या डोक्यावरचा एक बारीक बोल्ट किंचित सैल करायचा आणि वाट बघायची. खालून चढत आलेलं तेल तिथून पाझरलं, की दाब ठीक. तो थेंब दिसेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही, चहा ओतायचा नाही आणि पाहुण्यांनी उठायचं नाही. एकदा मुलगी बघायला आलेली मंडळी हातात पोह्यांच्या बशा धरून ताटकळली होती. थेंब आला, मामांनी तो बोटावर घेतला, चोळला, हुंगला आणि मग नवऱ्यामुलाकडे वळून, "हां, बोला, पगार किती?" असं विचारलं.

त्यांचा दुसरा छंद लग्नपत्रिकांचा. पत्रिका आली की लोक तारीख बघतात, मामा कागद बघतात. इंजिनाच्या दोन भागांमध्ये तेल गळू नये म्हणून जे पॅकिंग बसवतात, ते मामा पत्रिकांतून कापतात. त्यामुळे लग्नाला जायचं की नुसता निरोप पाठवायचा हे पुठ्ठ्याच्या जाडीवर ठरतं. "पातळ हाय गो," ते मामींना सांगतात, "पोरीचं कठीण दिसतंय." त्यांच्या इंजिनात मुरबाड तालुक्यातली निम्मी लग्नं बसलेली आहेत आणि जी बाहेर टिकली नाहीत तीही आत एक थेंब न गळता टिकून आहेत.

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. मामींना म्हसा गावच्या जत्रेला याच गाडीवरून न्यायचं, हा मामांचा लग्नापासूनचा नेम. पण मामांचं वय झालं तशी त्यांच्या मुलाला काळजी लागली आणि त्याने अट घातली, "बाबा, गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर मी गिऱ्हाईक बघणार." मामांनी अट मान्य केली. म्हणजे त्या वर्षीची जत्रा ही गाडीची परीक्षाच होती. जत्रा तोंडावर आली असताना मी मामांकडे पोचलो. मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचे पुष्कळ व्हिडिओ पाहिलेले असल्यामुळे मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो. मामा तेलाचा फिल्टर उघडून, अर्धं काम टाकून वैशाखऱ्याला कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाचं निदान करायला गेले होते. मी ठरवलं, आपण फिल्टर बसवून त्यांना चकित करायचं.

झाकणाचं पॅकिंग फाटलं होतं. ढिगातली सगळ्यात जाड, सोनेरी पत्रिका मी उचलली, झाकण वर ठेवून पेन्सिलीने आखलं आणि झकास गोल कापला. आता त्यात तेल वर जाण्यासाठी एक बारीक भोक पाडायचं होतं, आणि ते नेमकं पत्रिकेवरच्या गणपतीच्या पोटावर येत होतं. माझा हात थांबला. जत्रेचे दिवस, सासरकडचं घर, आणि मी खिळा घेऊन देवाच्या पोटाशी! एवढ्याशा भोकाने काय फरक पडतो, असा शास्त्रीय विचार करून मी गणपती अखंड ठेवला, नमस्कार केला आणि झाकण आवळलं.

मामा आले, इतके खूश झाले की बोल्ट सैल करायचंही राहिलं. मी गाडी सुरू केली. थोड्या वेळाने इंजिनाच्या डोक्यातून टकटक, टकटक सुरू झालं, सुतार पक्ष्याने घर केल्यासारखं. मी भीत भीत मामांकडे पाहिलं. मामा प्रसन्न हसत होते. "कशी बोलतेय बघा!"

तेवढ्यात आतून मामी ओरडत आल्या, "अवो, बंद करा! वर वाजतंय!"

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी कोपऱ्यातली सागाची छडी घेतली, एक टोक इंजिनावर टेकवलं आणि दुसरं, मला वाटलं कानाला लावतील, तर चक्क दातांत धरलं. डोळे मिटले. मग गपकन गाडी बंद करून बोल्ट सैल केला. वर तेलाचा थेंबही नव्हता. त्यांनी झाकण उघडलं आणि आतून गणपती प्रकटला.

"जावईबापू," मामा शांतपणे म्हणाले, "विघ्नहर्त्यालाच विघ्न करायला बसवलात?"

"भोक त्याच्या पोटावर येत होतं मामा."

"म्हणून आमी मागची बाजू घेतो. तिथं नुसती पाव्हण्यांची नावं असतात. पाव्हण्याला भोक पडलं तर चालतं." पत्रिका उलगडून त्यांनी दुसरा गोल कापला आणि भोक नेमकं कुणा जावयाच्या नावावर पाडलं. तेल वर आलं, टकटक थांबली. फार काही झिजलं नव्हतं.

मामा हात धुवायला गेले तेव्हा मी मामींना हळूच विचारलं, "मामांना ऐकू आलं नाही?"

"कानानं कमीच येतं आता. छडी दातांत धरली की कळतं. पोराला सांगू नका हं, गाडी काढून घेईल."

"मग रस्त्यात?"

"मी काय नुसती बसते व्हय मागं? वर वाजलं की उजव्या खांद्यावर मारते, खाली वाजलं की डाव्या."

माझी बायको मामा-मामींचं उदाहरण देऊन, मी तिला गाडीवर खांद्यावर हात ठेवू देत नाही म्हणून माझ्याशी भांडते. मामींच्या हाताचं खरं कारण मी तिला अजून सांगितलेलं नाही. म्हशाला मी स्कूटरवरून त्यांच्या मागोमाग गेलो. चढावर मामींचा हात एकदा उजव्या खांद्यावर पडला, मामांनी वेग कमी केला, जरा वेळाने हात पाठीवरून फिरला, मामांनी वेग वाढवला. गाडी म्हशाला पोचली आणि परतही आली. वाटेत बंद पडली ती माझी स्कूटर.

यंदा मात्र मामींना मागे बसवत नाही, आणि मामांचे पुढचे दात पडल्यामुळे छडीही धरवत नाही. गाडी अंगणातच सुरू होते आणि अंगणातच बंद होते. परवा गेलो तेव्हा मामांनी किक मारली, मामी शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. वरून टकटक येत होती, मला स्वच्छ ऐकू येत होती. मामांनी विचारलं, "कशी गो?"

मी तोंड उघडणार, तोच मामींनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"ब्येस हाय," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि मामांच्या पाठीवरून हात फिरवला. मामांनी समाधानाने मूठ थोडी पिळली, जणू पुढे रस्ता होता.