ऐंशी टक्क्यांचा कागद

शाळेत त्यांना सगळे टक्केबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं गणित शिकवलेलं. चाळीसपैकी सदतीस म्हणा, तुमचं वाक्य संपायच्या आत साडेब्याण्णव तयार. नवरा गेला, मुलगा दूर कुठेतरी संसाराला लागला, घरात बोलायला भिंती उरल्या. आकडे मात्र कधी सोडून गेले नाहीत. पालकांचाही त्यांच्यावर भारी भरवसा. बाई म्हणतील ती पूर्व दिशा.

मग ती संगणकावरची चाचणी आली. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. तिचा निकाल कसा वाचायचा याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा बाई मागच्या बाकावर वह्या तपासत बसल्या होत्या. "यंत्रच सगळं करणार, मग आम्ही काय माशा मारायच्या?" असं शेजारणीला म्हणाल्या आणि मिळालेली पुस्तिका त्यांनी खणात टाकली.

पहिल्या चाचणीचे निकाल सांगायला पालकसभा भरली. बसचालकाचा नंबर आला, तो गणवेशातच आला होता, टोपी हातात धरून. त्याची मुलगी अकरा वर्षांची, अबोल, समासात बारीक अक्षरात गणितं सोडवणारी. तिच्या कागदावर 'पातळी' या रकान्यात दोनशे चोवीस होते. वर्गात इतके कुणाचेच नव्हते. पण दोनशे चोवीस कशापैकी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि ज्याला 'पैकी' नाही तो आकडा बाईंच्या लेखी आकडाच नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. शेजारच्या रकान्यात त्यांच्या ओळखीचं काहीतरी होतं: प्रश्न चाळीस, बरोबर एकवीस.

"साडेबावन्न टक्के," बाई म्हणाल्या. "मला हुशार वाटायची हो ती. लक्ष उडालंय तिचं. टक्के वाढवायला सांगा."

"वाढवेल, बाई," चालक म्हणाला आणि खाली मान घालून गेला. पुढचे दोन दिवस मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा बाईंनी तिलाही बजावलं, पुढच्या वेळी टक्के वाढलेले दिसले पाहिजेत.

ते वाढले. दुसऱ्या चाचणीत चाळीसपैकी बत्तीस. बाई इतक्या खूश झाल्या की एका कागदावर त्यांनी लाल शाईने '८० टक्के, शाब्बास' लिहून खाली सही ठोकली. चालकाने तो कागद घडी करून गणवेशाच्या खिशात ठेवला. आगारात प्रत्येकाला दाखवतो म्हणे.

या दुसऱ्या चाचणीवरून पाच मुलं मोठ्या शाळेच्या खास वर्गात जायची होती. तिथे गेलेल्या मुलाचं पुढचं शिक्षण मार्गी लागे. संधी या एकाच वर्षी. पुढच्या वर्षी वय बसत नाही. यादी फळ्यावर लागली आणि तिच्यात मुलीचं नाव नव्हतं. पातळी एकशे अठ्ठ्याऐंशी.

बाई तणतणत संगणक खोलीत गेल्या. "तुझं यंत्र बिघडलंय," त्यांनी तिथल्या तंत्रज्ञाला सुनावलं. तो बिचारा शांत माणूस. त्याने मुलीची चाचणी प्रश्नागणिक उघडून दाखवली. पहिले आठ ओळीने चूक, पुढचे बत्तीस ओळीने बरोबर.

"पहिला प्रश्न बघा, बाई. बारा साते. तुमच्या वर्गात कुणाला येत नाही?"

बाई पडद्यावर वाकून एकेक प्रश्न वाचू लागल्या.

"किती बरोबर आले ते यात बघायचंच नसतं. पोर किती उंच चढलं ते बघायचं. जे चढतं त्याला आणखी अवघड प्रश्न येतात, म्हणून अर्धे चुकतातच. पहिल्या वेळी ती सगळ्या वर्गाच्या वर होती. या वेळी पहिले आठ चुकल्यावर यंत्राने तिला तळाला नेलं, आणि तिथून ते मुंगीच्या पावलांनीच वर चढवतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की."

बाईंनी खण उपसून पुस्तिका काढली. तिसऱ्या पानावर चौकटीत ठळक छापलं होतं: बरोबर उत्तरांची संख्या पालकांना सांगू नये. बैल गेला अन् झोपा केला. त्या तशाच मुख्याध्यापकांकडे गेल्या, चूक कबूल केली, हात जोडले. "यादी वर गेली, बाई," ते म्हणाले. "आणि पहिली चाचणी सरावाची होती. आता काही होत नाही." एकतीस वर्षांत बाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शाळा सुटल्यावर त्यांनी मुलीला वर्गात थांबवून घेतलं.

"पहिली आठ गणितं मुद्दाम चुकवलीस?"

मुलीने होकारार्थी मान हलवली. "सुरुवातीला चुकलं की सोपी येतात. मग सगळी बरोबर येतात. तुम्हीच म्हणालात ना, टक्के वाढव."

बाई तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसल्या. "ऐक. पहिल्या चाचणीत तू वर्गात पहिली होतीस."

मुलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग बाबांनी मला का मारलं?"

"माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "मला तो कागद वाचता आला नाही."

"बाबांनी कधीच मारलं नव्हतं," मुलगी म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे, नुसती माहिती दिल्यासारखी. मग तिने दप्तर खांद्याला लावलं. "तुम्ही त्यांना सांगाल?"

"आत्ताच सांगते," बाई म्हणाल्या.

दोघी फाटकापर्यंत आल्या. चालक पाळी संपवून तिला न्यायला आला होता. बाईंना पाहून त्याने टोपी काढली, खिशातला कागद चाचपला आणि हसून विचारलं, "बाई, यादी लागली म्हणे. कितवी आली आमची?"