दोन बारच्या गावचे आंचोन-सान

वाट चुकल्याचं लक्षात आलं तेव्हा आम्ही एदो नदीच्या बांधावर येऊन पोचलो होतो. सकाळपासून जपानमधल्या आमच्या ग्योतोकु भागातल्या कन्नोन देवीच्या देवळांची फेरी चालली होती. पायांचे तुकडे पडायचे बाकी होते.

"कौमुदी-सान, तुमच्या देवीने आपल्याला नदीत आणून सोडलं," डोक्यावरची गोल काळी टोपी सारखी करत आंचोन-सान म्हणाले.

"देवीने नाही, तुमच्या फोनने."

ते एवढ्या मोठ्याने हसले, की सायकलवरून चाललेल्या एका आजोबांनी ब्रेकच लावला.

आंचोन-सान म्हणजे आमचे मालक; इथे मानाने नावापुढे 'सान' लावतात. स्टेशनजवळ ते आणि त्यांची बायको फुमिए-सान छोटंसं हॉटेल चालवतात. मी तिथे अरुबाइतो करते, म्हणजे अर्धवेळ काम. बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट मी रोज उलटते, खात मात्र नाही. आमचं बोलणं मोडक्या जपानीत, अडलं की इंग्रजीत, तेही अडलं की हातवाऱ्यांत. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "तुम्ही स्पॅनिश ना?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "बाई, आजच काम सोडायचं ठरवून आलात का?"

ते बास्क. स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या डोंगरातले. त्यांची भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं सांगत नाही. त्यांच्या लहानपणी तिथे हुकूमशहाचं राज्य होतं. शाळेत घरची भाषा तोंडून निघाली की छडी. सरकारी दप्तरात हे अंतोनियो आणि घरात आंचोन. वडील जेवणाआधी बास्कमध्ये प्रार्थना म्हणत, पण आधी खिडकी लावून घेत.

हे सगळं त्यांनी मला कांदे चिरता चिरता सांगितलंय. मी बेळगावची. भाषा आणि सीमा या दोन शब्दांवरून घरातली ताटं कशी गार होतात, ते मला कुणी वेगळं सांगायला नको. पण आमच्या घरात ताटंच गार झाली, त्यांच्या गावात माणसं मेली.

त्यांच्या गावात दोन बार होते. कोण कुठे पितो, त्यावरून त्याचा पक्ष कळायचा. वडिलांचा बार देवभोळ्या राष्ट्रवाद्यांचा. आपलं राज्य हवं, पण मतांनी. धाकटा भाऊ कोल्डो जायचा दुसऱ्या बारमध्ये. तिथे बंदूकवाल्या एटा संघटनेला कुणी वाईट म्हणत नसे. एटाने कित्येक वर्षांत आठशेच्या वर माणसं मारली. पोलिसांनीही कोठडीत पोरांचे हाल केले. आंचोन-सान या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात, एक गाळून दुसरी कधीच नाही.

कुणी मारलं गेलं की गावातली थोडी माणसं चौकात मुकाट उभी राहत. आंचोन-सानही राहत. समोर दुसरा जमाव एटाच्या बाजूने घोषणा द्यायचा. एक दिवस त्या जमावात कोल्डो दिसला. संध्याकाळी जेवायला बसल्यावर वडिलांनी प्रार्थना सुरू केली आणि कोल्डो भरल्या ताटावरून उठला. "देवाकडे माझ्यासाठी माफी मागू नका," म्हणाला. त्यानंतर दोघे भाऊ एका टेबलावर जेवले नाहीत. वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

पुढे एटाने बंदूक खाली ठेवली, मग संघटनाच मोडली. ती बातमी आली तेव्हाही आंचोन-सान कांदाच चिरत होते. "म्हणून रडले कशाने ते मला अजून कळलेलं नाही," असं फुमिए-सान म्हणतात.

बांधावर बसून मी डब्यातल्या दशम्या काढल्या. एक दशमी संपवून ते नदीकडे बघत म्हणाले, "येतोय."

"कोण?"

"कोल्डो. रविवारी. म्हणतो, जपान बघायचंय. गुडघा धड नाही आणि म्हणे जपान बघायचंय!"

"अहो, मग चांगलंच की! चेहरा असा का?"

"हसतोय मी." खरंच हसत होते, पण टोपी हातात घेऊन पिळत होते. "जेवायला घरीच बसवणार. आईसारखं माशाचं कालवण करीन. पण तो पुन्हा ताटावरून उठला तर? आमच्या वयाला पुन्हा पुन्हा विमानं पकडता येत नाहीत."

मी डबा बंद केला. म्हटलं, चला, देऊळ शोधू.

ते मघा चुकलेल्या वळणाच्या आतच निघालं. अंगणात पर्सिमॉनचं झाड नारिंगी फळांनी वाकलं होतं. एरवी आंचोन-सान बाहेर फाटकाशी उभे राहतात. "वडिलांचा देव आणि भावाचा पक्ष, दोघांनी मिळून पुरे छळलंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज ते टोपी काढून माझ्या मागोमाग आत आले. मी हात जोडले, सगळ्यांसाठी मागते तेच मागितलं, आणि त्यात आज कोल्डोचं नाव घातलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "कौमुदी-सान, हॉटेलात जेवायच्या आधी तुम्ही ते पुटपुटता ना..."

"शाळेतला श्लोक? तुम्हाला भूक लागलेली असते, म्हणून भरभर म्हणते."

"तो रविवारी आमच्याकडे येऊन म्हणा. वडिलांची प्रार्थना मी म्हटली, तर तो उठेल. काहीच न म्हणता बसलो, तर मला घास उतरणार नाही. तुमच्या श्लोकातलं आम्हा दोघांनाही काही कळत नाही. भांडायला जागाच नाही!"

मला हसू आवरेना. "आणि त्यांनी अर्थ विचारला तर?"

"सांगा, देव म्हणतो गरम आहे तोवर खा." मग टोपी डोक्यावर नीट बसवून ते हळूच म्हणाले, "फक्त सावकाश म्हणा. तो हात जोडेपर्यंत लांबवा."