खंडोजीरावांचा पोलादी दात

खंडोजीराव कुठल्याही घोड्याच्या तोंडात बेधडक हात घालत, पण स्वतःचं तोंड कुणाला उघडून दाखवत नसत. आम्ही दोघं मैसुरात राजवाड्याजवळ टांगा हाकणारे. आमचे पूर्वज मैसूरच्या फौजेतले. त्यातला घोडा तेवढा उरला, तोही टांग्याला.

टी. नरसीपूरकडच्या जनावरांच्या जत्रेत कुणाला घोडा घ्यायचा असला की तो खंडोजीरावांना बरोबर नेई. घोड्याचं वय दातांवरून कळतं, म्हणून दलाल म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासून त्याला तरणा करतात. असा दात दिसला की खंडोजीराव भर बाजारात ओरडत, "म्हातारा आहे तर म्हातारा म्हणून विक की रे! त्याच्या तोंडात खोटं का घालतोस?"

अशा माणसाच्या तोंडावर त्यांच्याच चंपी घोडीने मान झटकली आणि समोरचा दात फुटला. ओठ सुजला, ताप चढला. मी त्यांना ओढतच दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई कानडी, नातीच्या वयाच्या; त्यांना ताता, म्हणजे आजोबा, म्हणत.

"ताता, तोंड उघडा."

"मी काय बाजारात उभा आहे?"

"विकत नाही घेत हो. तुमच्यासारखा घोडा मला परवडायचा नाही."

खंडोजीरावांना हसू फुटलं, आणि तेवढ्यात बाईंनी सुई टोचली. दात निघाला.

सूज उतरली, पण नवंच झेंगट झालं. फटीतून नुसता वारा जाई, शीळ वाजेना, आणि चंपी शिळेशिवाय पाऊल उचलत नसे. चाबूक त्यांनी जन्मात वापरला नव्हता. मुलगा म्हणाला, "अप्पा, आता सुम्ने गप घरी बसा. घोडी विकून टाकू."

हिरडी भरून येताच खंडोजीराव आपणहून दवाखान्यात हजर. बाईंनी पांढऱ्या-पिवळसर दातांचे नमुने समोर मांडले. "तुमच्या रंगाशी जुळणारा बसवते. खोटा आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

खंडोजीराव खुर्चीतून उठलेच. "कळणार नाही? मग माझ्यात आणि त्या दलालांत फरक काय, अम्मा?"

"अय्यो ताता, सगळे असेच बसवतात!"

"बसवू देत. माझा दिसला पाहिजे. लोखंडासारखा दिसला पाहिजे."

"मग सोन्याचा करू?"

"बेडा, नको. तो मिरवायचा होईल."

बाईंनी कपाळाला हात लावला, मी समजावलं, मुलगा पाया पडला. काही उपयोग नाही. पोलादी रंगाचा दात बसला. पहिल्याच शिळेला चंपीने कान टवकारले आणि टांगा राजवाड्याला वळसा घालून आला.

नातेवाईक म्हणत, "लग्नकार्यात तरी जरा तोंड मिटून हसा हो." मग खंडोजीराव मुद्दाम पडजीभ दिसेपर्यंत हसत. "म्हातारा आहे, दात खोटा आहे, टांगा चालतोय. आणखी काय बघायचंय, सांगा!"

गेल्या वर्षी ते गेले. मुलाने भिंतीवर त्यांचा तिशीतला फोटो लावला, ओठ घट्ट मिटलेला. मी तो उतरवला. भांडण झालं, माझ्या वयाला न शोभणारं झालं. माझ्याजवळचा फोटो लावून घेतला, तेव्हाच तेराव्याच्या पानावर बसलो. त्यात ते तोंडभर हसतायत आणि दात चकाकतोय. ज्यांना लाज वाटत असेल त्यांनी खुशाल दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसावं.