कोल्ह्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं

छायाचित्रकार हा सत्याचा साक्षीदार असतो. हे वाक्य मी सांगली-साताऱ्याच्या बऱ्याच सभागृहांत, खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन उच्चारलेलं आहे. टाळ्या पडल्या. नारळाची चटणी झाली. आता जे सांगणार आहे ते मात्र मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही — बायकोपाशीही नाही.

तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. थकलो असेन. गोष्ट लपवून ठेवायचाही कंटाळा येतो माणसाला.

माझा धंदा स्टुडिओचा. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. उतारवयात कला करावीशी वाटू लागली. तसं बहुतेकांना वाटतं आणि घरचं कुणीतरी वेळीच अडवतं. मला कुणी अडवलं नाही. आष्ट्याच्या पुढे जखमी आणि पोरक्या जनावरांचं एक केंद्र आहे. तिथल्या माणसांचं रोजचं काम टिपायचं मी ठरवलं. पिंजरे धुणं, औषध पाजणं, माकडाच्या हाताला पट्टी बांधणं, माकडानं ती सोडली की पुन्हा बांधणं. प्राणिप्रेम हा शब्द मी तिथे फक्त पाहुण्यांच्या तोंडून ऐकला.

केंद्रातल्या पिल्लांचं सगळं सुशाताई बघे. तिला बोलायचं व्यसन होतं. ती बैलाशी बोले, पंख मोडलेल्या घारीशी बोले, पाण्याच्या मोटारीशी भांडे. मी दिसलो की म्हणे, "आवं सर, आज तरी डोळं मिटल्यालं फोटू काढू नगासा. मागल्या खेपंला मी मयतावानी दिसत हुते."

ऊसतोडीच्या शेवटी फडात कोल्ह्याचं पिल्लू सापडलं आणि हीच सुशाताई मुकी झाली. कारण जे जनावर परत रानात सोडायचं, त्याला माणसाची सवय लागू द्यायची नसते. ती डोक्यावरून पोतं पांघरून पिंजऱ्यात जाई, ताटली ठेवी, बाहेर येई. पिल्लू कुईकुई करत तिच्या पायांत यायचं, पण ती अवाक्षर काढत नसे. बाहेर येऊन पोतं काढलं की दिसे — ओठ आवळून आवळून पांढरे पडलेले. जन्मभर ऊस तोडलेली बाई. म्हणायची, ह्यापेक्षा मोळ्या उचलणं बरं.

मीही जाळीबाहेर पोतं पांघरून बसत असे. पण फोटो कसले येणार? पोत्यातली बाई आणि पिल्लाची पाठ. एकदा ताई ताटल्या धुवायला गेली — आणि मी जीभ टाळूला लावून 'टॉक' असा आवाज काढला.

रडक्या पोरांनी कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून स्टुडिओत मी तो आवाज उभा जन्म काढत आलोय. हात कॅमेऱ्यावर गेला की जीभ आपोआप वाजते — असं मी स्वतःची समजूत काढली. पहिल्या वेळी ते खरंही असेल. पण दुसऱ्या दिवशी तोंडावरचं पोतं मी दूर केलं, ते आपोआप झालं का? आणि जाळीतून सरकवलेला चिकनचा तुकडा? तो तर मी गावातून कागदात बांधून आणला होता.

पिल्लू आलं. कान टवकारून थेट भिंगात पाहिलं. असा फोटो मला कधी मिळाला नव्हता. मग मी रोज तेच केलं — ताईची पाठ वळली की.

पावसाळा सरल्यावर त्याला सोडायचं ठरलं. आधी एक परीक्षा असते: परका माणूस जाळीजवळ गेला की जनावरानं पळून दडायला हवं. केंद्राचे डॉक्टर आणि वन खात्याचे एक साहेब आले. कोल्हा झुडपात दडला. झालं, उत्तम. जाता जाता साहेबांनी आठवण म्हणून मोबाइल डोळ्यांसमोर धरला. कोल्हा झुडपातून बाहेर आला, जाळीशी बसला आणि त्यानं मान किंचित तिरकी केली.

साहेब हसले. डॉक्टर हसले नाहीत. माणसाला सोकावलेला कोल्हा रानात सोडला तर पहिल्याच वस्तीवर काठ्या खाऊन मरतो. त्याला सोडता येत नाही. कधीच. सगळे सुशाताईकडे वळले. कुणाला शंकाच नव्हती — मोटारीशी बोलणारी बाई पिल्लाशी गप्प राहील?

"डॉक्टर, म्या त्येच्यासंगं एक सबुद बोलले न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "सर रोज हितंच हुते की. सर, तुमी सांगा."

मी भिंग पुसत होतो. ते स्वच्छ होतं.

"माझं लक्ष कॅमेऱ्यात असायचं," मी म्हणालो.

या वाक्यात एक शब्द खोटा नाही. म्हणूनच ते मला इतक्या पटकन सुचलं असावं. ती ताटली उचलून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." तिला कळलं होतं का? मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आलं असतं. दिवस काही कमी नव्हते.

तिला पिल्लांपासून काढलं. आता ती जनावरांचं खाणं शिजवते. पिल्लांच्या बाजूला तिला जाऊ देत नाहीत.

साताऱ्यात प्रदर्शन झालं. प्रमुख पाहुणे त्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "या डोळ्यांत माणसावरचा केवढा विश्वास आहे." प्रमुख पाहुणा इतकं अचूक बोललेला मी आधी ऐकला नव्हता. मी त्यांचे आभार मानले.

कोल्हा पिंजऱ्यात आहे. केंद्रानं यंदा कॅलेंडर काढलं, त्यात मे महिन्यावर तो फोटो आहे. आमच्या स्वयंपाकघरात ते टांगलंय. बायको त्याच्यावर दुधाचे खाडे लिहिते.