धार लागली

वन्संनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेने, दिलेली किडनी माझ्या नवऱ्याला बसवली, त्या दुपारी मी काचेबाहेर उभी होते. आत सिस्टर कॉटपाशी वाकून लघवीच्या नळीकडे एकटक पाहत होत्या. डायलिसिसच्या काळात ह्यांची लघवी जवळजवळ थांबलीच होती. एकाएकी सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "वहिनी, धार लागली बघा!"

मला हसू आवरेना, रडूही आवरेना. चारचौघांत जिचं नाव घ्यायला आपण लाजतो, तिच्यासाठी मी देवाला साकडं घातलं होतं. शरीर रोज केवढं काम मुकाट्याने करत असतं!

मी धावतच शेजारच्या वॉर्डात वन्संकडे गेले. ग्लानीतच त्यांनी विचारलं, "झाली का गं?"

"झाली, वन्सं!" मी इतक्या मोठ्याने ओरडले, की सगळा वॉर्ड वळून पाहू लागला.